‘ओपनहायमर’ : पूर्ण जाणिवेचा प्रश्न

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी पाठ केलेले एक सूत्र आहे. एखादे कृत्य महापाप ठरण्यास तीन गोष्टी लागतात : विषय गंभीर असावा, करणाऱ्यास त्याची पूर्ण जाण असावी आणि त्याची पूर्ण संमती असावी. ख्रिस्तोफर नोलान दिग्दर्शित ‘ओपनहायमर’ (२०२३) हा चित्रपट पाहताना तीन तास या सूत्राने आमचा पिच्छा सोडला नाही.

काई बर्ड आणि मार्टिन शर्विन यांच्या चरित्रग्रंथावर आधारलेल्या या चित्रपटाला २०२४ साली सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. आपल्या देशात मात्र गाजला तो गीतेचा संदर्भ असलेला शय्यागृहातील एक प्रसंग. तो वाद आता शमला आहे. तेव्हा मूळ विषयाकडे वळावयास हरकत नसावी. अणुबाँब कसा तयार झाला, हे चित्रपट सांगतो. तो इतक्या गुपचूप कसा होऊ शकला आणि त्या गुपिताने माणसांच्या विवेकबुद्धीचे काय केले, या प्रश्नाला तो ओझरता स्पर्श करून पुढे जातो, ही आमची मुख्य तक्रार आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. हिरोशिमानंतर सभागृहात जमलेले सहकारी जल्लोषाने पाय आपटीत आहेत, ओपनहायमर विजयाचे भाषण करीत आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे समोरच्या तरुणीच्या चेहऱ्याची कातडी सुटून निघते आहे, हा प्रसंग विसरता येत नाही. पण उणीवही येथेच आहे. सव्वा लाखाच्या घरातील माणसांच्या श्रमाचा नैतिक हिशेब एका देखण्या, खंगलेल्या चेहऱ्यावर मांडला की बाकीचे सारे आपोआप दृष्टीआड होतात.

चित्रपटात एका काचेच्या भांड्यात गोट्या पडत राहतात. जमत जाणाऱ्या युरेनियमचे आणि प्लुटोनियमचे ते माप. या गोट्या येतात कोठून? टेनेसी राज्यातील ओक रिज येथे १९४२ नंतर एक नगर उभे राहिले. १९४५ पर्यंत तेथे सुमारे ७५ हजार लोक राहत होते, पण नकाशात त्याचे नाव नव्हते. तेथील कारखान्यात नुकत्याच शाळा संपविलेल्या मुली यंत्रांपुढे स्टुलांवर बसून तबकडीवरील काटा पाहत आणि तो ढळला की बटण फिरवून जागेवर आणीत. काटा कशाचा, हे त्यांना सांगितलेले नव्हते. विचारणेही वर्ज्य होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाची बातमी आली तेव्हा आपण काय करीत होतो, ते त्यांना कळले. प्रकल्पप्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज यांचा दंडकच होता : प्रत्येकास त्याच्या कामापुरतेच कळावे. विषय गंभीर, हात हजारोंचे, आणि जाण मात्र योजनापूर्वक काढून घेतलेली! सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचले; दुसऱ्याच्या पापातील सहकार्याची त्यांत बारीक वर्गवारी होती. अख्ख्या नगराला निष्पाप ठेवून असे काम करून घेता येईल, हे त्या ग्रंथकर्त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांना ही सबब नाही. ओपनहायमर यांच्या आग्रहामुळे तेथे दर आठवड्यास मोकळी चर्चा होत असे. त्यांना ठाऊक होते. त्यांचे भयही खरे होते. अणुविभाजनाचा शोध १९३८ साली बर्लिनमध्येच लागला होता. परंतु जर्मनीपाशी असा बाँब होणार नाही, हे १९४४ च्या अखेरीस स्पष्ट झाले, तेव्हा पोलंडमध्ये जन्मलेले जोसेफ रॉटब्लाट उठले आणि नाताळच्या पूर्वसंध्येला इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसले. त्याआधी त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेण्यात आला. निघण्याचे खरे कारण कोणास सांगावयाचे नाही, पोलंडमध्ये अडकलेल्या पत्नीची काळजी एवढेच सांगावयाचे, असे ठरले. ती पत्नी त्यांना पुन्हा कधीच भेटली नाही.

युद्धात शस्त्र लपविणे समजण्यासारखे आहे. येथे माणसाचा नकारही लपविला गेला. तो उघड झाला असता तर किती जण थबकले असते, कोण सांगणार? शिकागोत लिओ झिलार्ड यांनी जुलै १९४५ मध्ये सत्तर सह्यांचा अर्ज केला; तोही बाँब पडण्यापूर्वी अध्यक्ष ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचला नाही. चित्रपटात झिलार्ड आहेत. १९९५ साली शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले रॉटब्लाट नाहीत.

गुपित आम्हांसही पाळावे लागते. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले शब्द जिवावर बेतले तरी धर्मगुरू उच्चारीत नाही. मग लष्कराच्या गुपिताला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असे आम्ही स्वतःला विचारून पाहिले. आमच्यापुढे गुडघे टेकणारा आपण काय केले हे जाणून आलेला असतो. गुपित त्याच्या कबुलीला आसरा देते. ओक रिजच्या मुलींना तर कबूल करावयास स्वतःचे कृत्यच ठाऊक नव्हते.

न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील १६ जुलै १९४५ च्या पहिल्या चाचणीला ओपनहायमर यांनी ‘ट्रिनिटी’ हे नाव दिले. पवित्र त्रैक्याचे नाव! आसपासच्या गावांना आधी सावध केले नाही. नंतर दारूगोळ्याचे कोठार उडाल्याचे सांगण्यात आले. टुलारोसा खोऱ्यातील ती कुटुंबे, त्यांतील कित्येक आपल्याच श्रद्धेची, कर्करोगाने गेलेल्या माणसांच्या नावे मेणबत्त्या लावून जागर करीत आली. अमेरिकेच्या भरपाई कायद्यात त्यांचा समावेश २०२५ साली झाला. चित्रपटातील त्या वाळवंटात शास्त्रज्ञ आणि सैनिक यांखेरीज कोणी राहत असल्याचे दिसत नाही.