गर्भवयाचे भारतीय सूत्र : एक समीक्षा

गर्भाचे वय चुकले, तर अकाली प्रसूतीचे निदानही चुकते. सोनोग्राफीत हे वय बहुधा हॅडलॉक यांच्या १९८४ च्या सूत्राने काढतात; ते अमेरिकी स्त्रियांच्या मोजमापांवर बेतलेले आहे. फरीदाबादची टी.एच.एस.टी.आय. आणि आय.आय.टी. मद्रास यांनी २०२४ मध्ये मांडलेले ‘गर्भिणी-जीए२’ हे प्रारूप गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातील गर्भवतींच्या नोंदींवर घडले आणि दक्षिण भारतातील स्वतंत्र गटावर तपासले गेले. तेथे चूक कमी आढळली, हे या संशोधनाचे बलस्थान. मात्र दोन गट म्हणजे भारत नव्हे. मेळघाटातील कुपोषित मातांसाठी ते पुन्हा तपासायला हवे. शिवाय डोक्याचा घेर, मांडीचे हाड मोजणारा हात अप्रशिक्षित असेल, तर अचूक सूत्रही चुकीचेच उत्तर देईल. म्हणून प्रारूपाइतकेच प्रशिक्षणाचेही मूल्यमापन आवश्यक आहे.