दरपत्रकातील ‘मेमरी’

शाळेसाठी संगणक घ्यायचा ठरला की तीन दरपत्रके मागवली जातात आणि ज्याचा दर कमी त्याचा माल येतो. या पद्धतीत वावगे काही नाही. पण कमी दरात नेमके काय मिळते हे ज्या एका ओळीवरून कळायचे, ती ओळ फार थोडे लोक नीट वाचतात. बिडकीन परिसरातील काही शिक्षकांनी अलीकडे आम्हाला अशी दरपत्रके दाखवली. एकात ‘मेमरी १ टीबी’ असे ठळक अक्षरांत होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘४ जीबी’. दुसऱ्यात ‘८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी’ एवढेच. समितीतील बहुतेकांचा कल पहिल्याकडे होता. एक टीबी म्हणजे हजार जीबी. हजारापुढे २५६ ते काय! शिवाय दरही थोडा कमी.

ही निवड चुकीची आहे आणि तिचे मूळ ‘मेमरी’ या शब्दात आहे. दुकानदार हा शब्द सैलपणे वापरतो हे खरे. पण त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. आपली पाठ्यपुस्तकेही तेच करतात. रॅम, रॉम, हार्ड डिस्क, सीडी, पेनड्राइव्ह ही सगळी मंडळी एकाच ‘मेमरी’च्या घरात राहतात, कोणी अंतर्गत खोलीत, कोणी बाह्य खोलीत. इयत्ता नववीच्या २०१७ साली आलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात रॅमबद्दल जे स्पष्टीकरण आहे त्याचा आशय असा, की ती इलेक्ट्रॉनिक भागांची बनलेली असते आणि असे भाग वीज असेपर्यंतच काम करतात. वीज गेली की रॅममधील माहिती जाते, हे विधान बरोबर आहे. त्याचे दिलेले कारण मात्र पटणारे नाही. पेनड्राइव्हही पूर्णपणे इलेक्ट्रॉनिकच असतो आणि चार दिवस खिशात राहिला तरी त्यातली प्रश्नपत्रिका शाबूत असते. एखाद्या चौकस मुलीने वर्गात हे विचारले तर पुस्तकाच्या आधारे उत्तर देता येत नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे, आणि तेही मुंबईचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या भाषेत केवळ १० केबी. ही कडी चुंबकित होत असल्यामुळे वीज गेली तरी त्यांतील माहिती टिकून राही. तरीही ती त्या संगणकाची कामाची स्मृतीच होती. म्हणजे ‘वीज गेल्यावर पुसली जाते ती रॅम’ हे आजच्या रॅमचे लक्षण झाले, व्याख्या नव्हे.

मग आजची रॅम पुसली का जाते? तिच्यातील प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपात असतो. हा भार सतत गळत असतो, गळक्या माठातील पाण्यासारखा. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणे थांबते. पेनड्राइव्ह आणि एसएसडी यांतील भार विद्युतरोधकाने चहूबाजूंनी वेढलेला असल्यामुळे तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. पण त्या बंदिस्त जागेत भार घालणे आणि काढणे वेळखाऊ असते. माठाचे तोंड उघडे असले तर पाणी चटकन घेता येते, पण ते उडूनही जाते. बुचाच्या बाटलीचे नेमके उलट.

खरा फरक वेळेचा आहे, आणि खरेदीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. रॅममधील एखादी नोंद मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. एसएसडीला साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग. हार्ड डिस्कमध्ये तर तबकडी खरोखरच फिरावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा सरासरी अर्ध्या फेऱ्यानंतर समोर येणार, त्यात वाचणारी सुई योग्य रेषेवर सरकायला आणखी सातआठ मिलिसेकंद. असे बारा मिलिसेकंद धरू. आता रॅमचा वेळ फुगवून एक सेकंद मानला, तर एसएसडीला सुमारे १७ मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कला ३३ तास. टेबलावरची वही उचलणे, शेजारच्या इमारतीतून ती मागवणे, आणि बिडकीनहून पायी पैठणला जाऊन, मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी दुपारी ती घेऊन परतणे, असा हा फरक आहे.

हार्ड डिस्कची बाजूही सांगितली पाहिजे. एखादी लांबलचक चित्रफीत सलग वाचायची असेल तर ती फारशी मागे पडत नाही. पण संगणक सुरू होताना हजारो लहान तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करायचे असतात, आणि तिथे प्रत्येक तुकड्यासाठी पैठणची वारी घडते. रॅम ४ जीबीच असेल तर दुखणे वाढते. संगणक प्रणालीच त्यातला मोठा वाटा घेते. त्यात ब्राउझरमध्ये यूडायसचा अर्ज आणि शेजारी एक-दोन पाने उघडली की जागा संपते. मग संगणक रॅममधील काही मजकूर तबकडीवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. तबकडीचा दिवा सारखा लुकलुकतो, माउस हलत नाही, मुले हसू लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे अशी गेली तर त्या आठवड्यात काही मुलांचा कळफलकाला हातही लागत नाही. बिडकीनच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. तिथल्या कामावर हक्क सांगण्याची वेळ येईल तेव्हा याच मुलांची ही मिनिटे मोजली जाणार आहेत.

‘विंडोज ११ साठी कंपनीनेच ४ जीबी आणि ६४ जीबी पुरेसे म्हटले आहे,’ असा युक्तिवाद विक्रेते करतात. कंपनी ‘किमान’ म्हणते. तेवढ्यावर प्रणाली बसवता येते. काम सुखाने होईल असा त्याचा अर्थ नाही. तिकीट मिळाले म्हणजे एसटीत बसायला जागा मिळाली असे थोडेच असते!

आमच्या मते शाळेच्या मागणीपत्रात ‘मेमरी’ हा शब्दच नसावा. ‘रॅम’ आणि ‘साठवण’ अशा दोन स्वतंत्र ओळी असाव्यात. रॅम ८ जीबी मागावी, शक्यतो एकाच पट्टीची, आणि दुसरी खाच रिकामी हवी हे स्पष्ट लिहावे. ४ जीबीच्या दोन पट्ट्यांनी वेग थोडा वाढतो हे खरे, पण दोनच खाचा असतील तर उद्या १६ करताना आधीच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. पट्टी डीडीआर४ की डीडीआर५ तेही नोंदवावे. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. साठवणीला २५६ जीबी एसएसडी पुरते. फोटो, निकाल आणि चित्रफिती यांसाठी सगळ्या शाळेत मिळून एक बाहेरची हार्ड डिस्क ठेवावी. मोठी तबकडी तिथे शोभते. दुसरी प्रत म्हणून एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये, कारण विजेविना पडून राहिल्यास, विशेषतः जुनी झाल्यावर आणि उन्हाळ्यात, तिच्यातील भारही हळूहळू ओसरतो. मे महिन्याच्या सुटीची मात्र भीती नको.

रॅमच्या भावाचाही प्रश्न आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या; त्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचे आपले ‘क्रुशल’ हे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी दरपत्रकातील रॅम गुपचूप निम्मी होते आणि ‘१ टीबी’ अधिक ठळक छापले जाते. पैसे अपुरे असतील तर पाचऐवजी चार संगणक घ्यावेत, पण नीट चालणारे घ्यावेत. किंवा जुन्यांकडे वळून पाहावे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली म्हणून अनेक शाळांनी संगणक कोपऱ्यात ठेवले आहेत. त्यांत साटा जोडणीची एसएसडी आणि रॅमची एक जादा पट्टी घालून लिनक्स बसवले तर जिओजेब्रा, लेखन आणि ब्राउझर यांसाठी ते चांगले चालतात.

एसएसडी आल्यावर एक वाद हमखास होतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये २५६ जीबी आणि पडद्यावर २३८. माल कमी दिलेला नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज १,०२४ चा तिसरा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाख. पहिल्याला दुसऱ्याने भागून २५६ने गुणायचे. आठवीतील मुलांना घालावे असे हे गणित आहे.