गर्दीचा आवाज किती ठेवायचा?

सॅम कुक या गायकाची १२ जानेवारी १९६३ची मैफल आज तीन रूपांत ऐकायला मिळते. मायामी शहरात ओव्हरटाउन ही कृष्णवर्णीयांची वस्ती, तिथल्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये ती झाली. आरसीए कंपनीने ती ध्वनिमुद्रित केली आणि बाजूला ठेवून दिली. पहिली तबकडी निघाली १९८५ साली. २००० साली कुकच्या गाण्यांचा एक मोठा संच आला, त्यात हीच मैफल नव्या मिक्सिंगसह घातली गेली. २००५ साली ती पुन्हा स्वतंत्र सीडी म्हणून निघाली. रात्र तीच, गायक तोच, वादकही तेच. फरक आहे तो श्रोत्यांच्या आवाजात. १९८५ आणि २००५च्या आवृत्त्यांत गर्दी अंगावर येते. २०००च्या आवृत्तीत ती मागे सारली आहे, शेजारच्या खोलीत काही समारंभ चालू असावा तशी.

संगीतप्रेमींना हा तंत्राचा किरकोळ मुद्दा वाटेल. गायकासमोरचा मायक्रोफोन आणि सभागृहातला आवाज टिपणारा मायक्रोफोन यांचे प्रमाण कुणीतरी ठरवायचे असते. एकाने जास्त ठेवले, दुसऱ्याने कमी. परंतु ‘सोल’ या संगीतप्रकाराची जिवंत ध्वनिमुद्रणे पुन्हा क्रमाने ऐकताना माझे मत असे झाले आहे, की संकलकाने गाणे कशाला मानले हे या प्रमाणावरूनच कळते. श्रोत्यांचा आवाज त्याने गाण्याचा भाग धरला, की गाण्यावर बसलेली धूळ?

सोल हे चर्चमधून बाहेर पडलेले गाणे आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचन आणि गाणे यांत सरळ रेषा नसते. उपदेशक बोलता बोलता स्वरात शिरतो आणि बाकांवरची माणसे त्याला प्रत्येक वाक्यागणिक उत्तर देतात. आपल्याकडे वारकरी कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. बुवांनी चरण अर्ध्यावर सोडला, की मागचे टाळकरी तो उचलतात. तो उचलला जाणार हे ठाऊक असल्यामुळेच बुवा सोडतात. टाळकऱ्यांचे आवाज पुसून त्या कीर्तनाची ध्वनिफीत काढली, तर बुवा मध्येच गप्प का होतात हे ऐकणाऱ्याला उमगणार नाही. सोलमध्ये देवाच्या जागी प्रेयसी आली, चर्चच्या जागी क्लब आला. सवाल-जवाबाची रचना मात्र तीच राहिली. शास्त्रीय मैफलीतली दाद आणि हे उत्तर यांत फरक आहे, तोही लक्षात ठेवावा. दाद जागेनंतर येते, तिच्यावाचून जागा अपुरी राहत नाही. इथे उत्तर आले नाही, तर ओळ अधांतरी राहते.

कुक स्वतः त्या परंपरेतलाच. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावचा जन्म, तरुणपणी ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगीत गाणाऱ्या चमूचा मुख्य गायक आणि १९५७ साली ‘यू सेंड मी’ या प्रेमगीताने देशभर पोचलेला. त्याचा रेकॉर्डवरचा आवाज रेशमी. गोऱ्या घरांतल्या दिवाणखान्यांतही तो चालत असे. हार्लेम स्क्वेअर क्लबमधला आवाज घोगरा, ताणलेला, काही ठिकाणी फाटलेला आहे. किंग कर्टिसचा सॅक्सोफोन त्याच्याशी भांडत चाललेला असतो. ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ सुरू होण्याआधी कुक बराच वेळ नुसता बोलतो, गातो, पुन्हा बोलतो; हे उघड उपदेशकाचे तंत्र आहे. आणि ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ या जुन्या, संथ गाण्यात तो श्रोत्यांना ओढून घेतो, तेव्हा सगळा क्लब गाऊ लागतो. कंपनीला हे सगळे फार रांगडे वाटले. कुकची जी प्रतिमा विकली जात होती तिला ते शोभणारे नव्हते, म्हणून फिती बावीस वर्षे पडून राहिल्या.

त्याऐवजी बाजारात आली ‘सॅम कुक ॲट द कोपा’. न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या उंची क्लबातले हे मुद्रण ७ आणि ८ जुलै १९६४चे. ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’, ‘यू सेंड मी’ आणि ‘ट्विस्टिन द नाइट अवे’ दोन्हीकडे असल्यामुळे तुलना सोपी जाते. कोपामध्ये पहिली दोन गाणी एका नेटक्या गाणेमाळेत ओवली आहेत. एक संपते, दुसरे अलगद सुरू होते, टाळ्या वेळेवर पडतात. श्रोते गप्प आहेत असे नाही. पण ते पाहुणे आहेत. मायामीतले श्रोते घरचे आहेत.

तरीही कोपाची रेकॉर्ड मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९५८ साली याच कोपामध्ये कुक अपयशी ठरला होता. तिथे परत जाऊन जिंकणे त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. आणि नागरी हक्कांच्या कायद्यावर सही होऊन जेमतेम आठवडा होतो न होतो तोच, जेवणाच्या टेबलांसमोर उभे राहून बॉब डिलनचे ‘ब्लोइन इन द विंड’ गाणे, ही धिटाईच. फक्त ती धिटाई एकट्याची आहे. कुक त्याच वर्षी ११ डिसेंबरला मारला गेला. मायामीची ती रात्र आपल्या नावावर लोक ऐकत आहेत हे त्याला कधीच कळले नाही.

श्रोत्यांचेही तसेच. साठच्या दशकात ओव्हरटाउनच्या मधोमध महामार्ग काढला गेला, हजारो माणसे उठली, वस्तीचा कणा मोडला. त्या वस्तीचा एकत्र गाणारा आवाज त्या फितीवर आहे. २०००च्या संकलकाने तो कमी केला तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नसणार. गायकाचे शब्द स्पष्ट ऐकू यावेत एवढाच हेतू असेल. पण साफसफाई कुणाच्या वाट्याला आली, हे पाहावेच लागते.

जेम्स ब्राउनने हा प्रश्न कंपनीवर सोडलाच नाही. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी हार्लेममधल्या अपोलो थिएटरातला त्याचा कार्यक्रम मुद्रित झाला तो त्याच्या स्वतःच्या पैशाने. आधी रेकॉर्डवर येऊन गेलेली गाणी पुन्हा कोण विकत घेईल, असे किंग रेकॉर्ड्सच्या सिड नेथनला वाटत होते. १९६३ साली निघालेली ती तबकडी लोकप्रियतेच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि वर्षभराहून अधिक काळ तिथे टिकली. तिच्यातले ‘लॉस्ट समवन’ दहा मिनिटांहून मोठे आहे. ब्राउन एक ओळ टाकतो, थांबतो. गर्दीतून किंकाळी येते. मग तिच्या उंचीवरून तो पुढची ओळ ठरवतो. हे गाणे तबकडीच्या एका बाजूवर मावले नाही. ते तोडून उरलेला भाग मागच्या बाजूला घ्यावा लागला. साडेतीन मिनिटांत ख्याल बसवणाऱ्या आपल्या जुन्या तबकड्यांची इथे कुणालाही आठवण होईल. सीडीच्या काळात ते सलग झाले. माध्यमाची मर्यादा आणि संकलकाची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी कुणाला दोष देता येत नाही.

निवडीचा खरा नमुना म्हणजे अरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’. १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री, लॉस एंजेलिसमधले न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, सूत्रधार रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, आणि ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी, बासवर चक रेनी, गिटारवर कॉर्नेल डुप्री असे लौकिक संगीतातले पट्टीचे वादक. त्याच वर्षी दोन तबकड्यांचा संच निघाला. तो दोन रात्रींमधून निवडून, क्रम बदलून रचलेला आहे. पहिल्या रात्री अरेथाने सुरुवात केली ती मार्विन गेच्या ‘होली होली’ या गाण्याने. संचात ते शेवटाकडे गेले. क्लीव्हलंड यांचे बरेचसे बोलणे गळाले. १९९९ साली दोन्ही रात्री क्रमाने, निवेदनासकट देणारी आवृत्ती निघाली, तेव्हा १९७२चा संच म्हणजे एक संकलन होते हे पहिल्यांदाच नीट दिसले.

मग १९७२चा संच खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. एकसंध कलाकृती म्हणून आजही तोच सरस आहे. संपूर्ण आवृत्तीत तीच गाणी दोनदा येतात, मध्ये रेंगाळणे आहे, दोन्ही रात्री एका दमात ऐकणे अवघड जाते. आर्थर नव्हे, आरिफ मार्डिन (हे नाव आपल्याकडे हटकून चुकीचे लिहिले जाते) आणि जेरी वेक्सलर यांनी स्वतः अरेथासह जी कात्री चालवली ती वेळेवर आणि क्रमावर चालवली. बाकांवरून येणाऱ्या उत्तरांना त्यांनी हात लावला नाही. शीर्षकगीत ऐकावे. शब्द चार-सहा ओळींचे, वेळ दहा मिनिटांहून अधिक. एकेक अक्षर ती ताणते, सोडते, पुन्हा धरते आणि प्रत्येक वेळी खालून कुणीतरी तिला पुढे जायला सांगत असते. ते आवाज काढले तर उरते ते आवाजाचे सर्कशीतले कसब. ते आहेत म्हणून प्रार्थना आहे.

या दोन रात्रींचे चित्रीकरण सिडनी पोलॅकने केले होते. क्लॅपरबोर्ड वापरला नव्हता, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात. हा चित्रपट लोकांपुढे आला तो २०१८ साली, अरेथाच्या मृत्यूनंतर. त्यात दिसते की उत्तर देणारे नुसते आवाज नव्हते. दुसऱ्या रात्री वडील सी. एल. फ्रँकलिन, ते स्वतः नामवंत उपदेशक, उठून पियानोवर बसलेल्या लेकीच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. ध्वनिमुद्रिकेत ही जागा येत नाही, येणे शक्यही नव्हते.

एक नोंद करून पुढे जातो. अरेथाचा संच आला त्याच सुमारास, १९७२च्या मे महिन्यात, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव थेट ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्यानंतर मराठीत कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा पुष्कळ झाली. त्यांच्या संगीताची त्या मानाने फारच थोडी झाली. जलसे आणि भीमगीते यांची समृद्ध परंपरा ज्या भाषेत आहे, तिथे हा धागा उचलला जायला हवा होता.

‘अमेझिंग ग्रेस’मध्ये अरेथाने थॉमस डॉर्सी यांच्या ‘प्रेशस लॉर्ड’ या भक्तिगीताला कॅरोल किंगचे ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ जोडले आहे. कॅरोल किंगचे हेच गाणे डॉनी हॅथवेच्या ‘लाइव्ह’मध्येही आहे. ही तबकडीही १९७२ सालचीच. तिची एक बाजू हॉलिवूडमधल्या ट्रूबडूर क्लबची, दुसरी न्यूयॉर्कच्या बिटर एंडची. ट्रूबडूरमध्ये हॅथवे हे गाणे सुरू करतो आणि ध्रुवपद येताच श्रोते ते त्याच्याकडून काढून घेतात. तो मागे सरतो, पियानोवर नुसती साथ धरतो. प्रमुख गायक साथीदार होतो, असा हा क्षण आहे. गाणे मैत्रीचे आहे हे शब्दांतून जेवढे कळत नाही तेवढे इथे कळते. पुढे हॅथवेच्या निरनिराळ्या मैफलींतली गाणी एकत्र करून २००४ साली एक संकलन निघाले. त्यातली गाणी उत्तमच आहेत. पण ट्रूबडूरची ती बाजू एका बैठकीत, एकाच श्रोतृवर्गाबरोबर तापत गेलेली आहे. तिच्यातले गाणे उचलून दुसऱ्या रात्रीच्या गाण्याशेजारी ठेवले, की तो ताप उतरतो.

आता गिटार घेऊन बसणाऱ्यांकडे. बिल विदर्सचे ‘लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल’ ६ ऑक्टोबर १९७२चे, पावसाळी अशा एका रात्रीचे, प्रतिष्ठेच्या सभागृहातले. तरी विदर्स ओसरीवर बसल्यासारखा बोलतो. नौदलात नऊ वर्षे, नंतर कारखान्यात नोकरी, पहिली तबकडी तिशी उलटल्यावर. त्यामुळे त्याच्या बोलण्यात गायकाचा तोरा नाही. आजीविषयीचे गाणे सुरू करण्याआधी तो आजीच्या चर्चविषयी सांगतो, लोक हसतात. ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’मध्ये व्हिएतनाममध्ये हात गमावलेल्या तरुणाची गोष्ट तो आधी साध्या बोलीत सांगतो, तेव्हा तेच लोक गप्प होतात. ही शांतताही उत्तरच आहे. सीडीवर, आणि आता फोनवर, गाण्यांच्या खुणा पाडताना असे बोलणे पुष्कळदा गाण्यापासून सुटते. लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांत तर फक्त गाणे उरते.

बोलणे अजिबात न कापणारी रेकॉर्डही आहे. लॉरिन हिलचे ‘एमटीव्ही अनप्लग्ड २.०’ जुलै २००१मध्ये मुद्रित होऊन २००२मध्ये आले. एकटी बाई, एक ॲकूस्टिक गिटार, बसलेला आवाज, एके ठिकाणी रडू, आणि दोन सीडींवर गाण्यांच्या मध्ये लांबलचक बोलणे, तेही स्वतंत्र क्रमांक देऊन. समीक्षकांनी तेव्हा तिला बरेच झोडपले. नंतरच्या पिढीने तिला प्रामाणिकपणाचा कळस ठरवले. मला दोन्ही टोके पटत नाहीत. तिचे बोलणे ठेवले हे योग्यच झाले. खटकते ते वेगळे आहे. समोर माणसे आहेत, टाळ्या आहेत, पण ओळ उचलणारे कुणी नाही आणि तिने तशी जागाही सोडलेली नाही. ती कबुली देते, ते ऐकून घेतात. पहिली सीडी संपेपर्यंत मी दर वेळी त्या उत्तराची वाट पाहतो. दुसऱ्या सीडीवर ‘आय गॉटा फाइंड पीस ऑफ माइंड’मध्ये तिचा आवाज फुटतो तेव्हा सभागृहातून येणारी अस्वस्थ कुजबुज कानावर पडावी म्हणून आवाज वाढवतो, तर हाती लागते तिच्याच गिटारच्या तारांची खरखर.