श्रेणी आणि नवागत : स्पर्धात्मक संगणक-खेळांच्या परिभाषेचा विचार

कौशल्याला मान मिळणे ही कोणत्याही क्रीडासमाजाची स्वाभाविक रीत आहे. आट्यापाट्यांचे मैदान असो वा बुद्धिबळाचा पट, चांगले खेळणाऱ्याचा शब्द वजनदार ठरतोच. संगणकावरील स्पर्धात्मक खेळांत मात्र या मानाला निराळे रूप आले आहे. तेथे कौशल्य अंकांत मोजले जाते, अंकांवरून श्रेणी ठरते आणि ती इतरांनाही पाहता येते. नवागत या समाजापासून दुरावतो तो वारंवार होणाऱ्या पराभवामुळे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु या समाजाची परिभाषा तपासली असता दुसरे, अधिक खोल कारण हाती लागते. मोजमापासाठी निर्माण झालेली श्रेणी तेथे प्रथम व्यक्तीचे नाव बनली आणि पुढे बोलण्याचा परवाना बनली.

या मोजमापाचा उगम बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले व अमेरिकेतील मार्क्वेट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे आर्पाद एलो यांची गुणांकनपद्धती अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. एकट्या खेळाडूच्या अंकाला स्वतंत्र अर्थ नाही, अर्थ आहे तो दोघांच्या अंकांतील अंतराला, हे तिचे मर्म होय. २०० गुणांचे अंतर असता वरचढ खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा ती वर्तविते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर हे गुणांकन ‘उंच’ या पदासारखे नसून ‘अमक्याहून उंच’ या रचनेसारखे आहे. शिवाय प्रत्येक डावानंतर ते बदलते.

हा संबंध व्यवहारात कसा लोपला, हे ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या २००९ मध्ये आलेल्या खेळावरून स्पष्ट होते. प्रारंभी त्यात खेळाडूला अंक दिसत असे. २०१३ मध्ये त्याची जागा ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्यांनी घेतली. अंक परस्परांत वजा करता येतात, धातूंची नावे वजा करता येत नाहीत. म्हणून ‘तो ब्राँझमध्ये आहे’ हे वाक्य लवकरच ‘तो ब्राँझ आहे’ असे झाले. अधिकरण गळाले आणि स्थान हेच नाम ठरले. तळच्या श्रेणींना ‘एलो हेल’, म्हणजे एलोचा नरक, असे नाव पडले. समान प्रतिस्पर्धी शोधून देऊ पाहणाऱ्या विद्वानाचे नाव अशा रीतीने अधोगतीच्या कल्पनेशी जोडले गेले. २०१९ च्या मोसमात ब्राँझच्याही खाली आयर्न ही पायरी आली, आणि हिणविण्यासाठी आणखी एक शब्द उपलब्ध झाला.

‘न्यूबी’ आणि ‘नूब’ या जोडीची कथा अशीच आहे. ‘न्यूबी’ म्हणजे नव्याने आलेला. हा शब्द काळ सांगतो. त्यापासून झालेला ‘नूब’ दोष सांगतो. वर्षानुवर्षे खेळणाऱ्यालाही एखाद्या चुकीबद्दल ‘नूब’ म्हटले जाते. म्हणजे नवखेपणा ही ओलांडून जाण्याची अवस्था न राहता शिवी झाली. ‘गिट गुड’ हा प्रयोग तर अधिकच बोलका आहे. रूपाने तो आज्ञार्थ आहे, ‘चांगला हो’ असा उपदेश आहे. कार्याने मात्र तो संवादाचा शेवट आहे. कसे चांगले व्हावे, हे त्यात कधीच सांगितलेले नसते.

या कठोरतेला केवळ स्वभावदोष म्हणणे अपुरे ठरेल. ‘लीग ऑफ लेजेंड्स’मध्ये संघ पाच जणांचा असतो. एकाची चूक उरलेल्या चौघांच्या श्रेणीवर नोंदली जाते; डाव सोडावा तर दंड होतो. त्यामुळे नवागत हा शिकाऊ सहकारी न वाटता आपल्या खात्यावरील नुकसान वाटू लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रतिपक्षाशी बोलण्याची सोय काही काळ बंद करण्यात आली, तरी संघांतर्गत संवाद चालूच राहिला. आणि श्रेणी गमावण्याचा राग निघतो तो मुख्यतः तेथेच. वादात ‘तुझी श्रेणी कोणती?’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. विधानाची सत्यता बोलणाऱ्याच्या पायरीवरून ठरविली की नवागताला प्रश्न विचारण्याचाही अधिकार उरत नाही.

श्रेणीच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे, तो डावलता येणार नाही. श्रेणीच नसेल तर नवख्याची गाठ पहिल्याच दिवशी निष्णाताशी पडेल. हे खरे, परंतु हे संरक्षण प्रथम मोडतात ते श्रेणीचा अभिमान बाळगणारेच. निष्णात खेळाडू नवे खाते उघडून तळच्या पायरीवर सहज विजय मिळवितो, याला ‘स्मर्फ’ म्हणतात. हे नाव १९९६ च्या सुमारास ‘वॉरक्राफ्ट २’ खेळणाऱ्या दोघा कुशल खेळाडूंनी घेतलेल्या टोपणनावांवरून रूढ झाल्याचे सांगितले जाते.

श्रेणीचा अर्थ असाच व्हावा, असा नियम नाही. जपानी परंपरेतील ‘गो’ या खेळात क्यू व दान अशा पायऱ्या आहेत. तेथे दोन खेळाडूंत जितक्या पायऱ्यांचे अंतर, साधारणतः तितके खडे दुबळ्याने पटावर आधी मांडावेत, नऊ खड्यांपर्यंत, अशी रीत आहे. तेथे अंतर पुन्हा संबंध बनते, आणि त्याची भरपाई बलवानाकडून होते. मराठी मुलांच्या खेळांतील ‘लिंबूटिंबू’ हा शब्दही असाच विचारार्ह आहे. क्रीडापृष्ठांवर तो दुबळ्या संघांना हिणविण्यासाठी योजला जातो खरा. परंतु अंगणात लिंबूटिंबू म्हणजे बाद न धरला जाणारा, तरीही खेळात घेतलेला लहानगा. थट्टा आहे, पण वगळणूक नाही. पाच जणांच्या संघाला खड्यांची सवलत जशीच्या तशी लागू होणार नाही. त्यामागील न्याय मात्र लागू होतो.

येथे पणाला लागले आहे ते केवळ नवागताचे मन नव्हे. समान प्रतिस्पर्धी मिळण्यासाठी तळाशी पुरेसे खेळाडू असावे लागतात. नवखे परतले की तळ विरळ होतो. तळ विरळ झाला की उरलेल्या नवख्यांची गाठ निष्णातांशीच पडते, आणि तेही परततात. अखेरीस अव्वल खेळाडूच्या अंकालाही अर्थ उरत नाही, कारण ज्यांच्याहून तो वरचढ ठरला ते जागेवर नसतात. संबंधावर उभारलेले मोजमाप संबंध तुटल्यावर केवळ बिरुद म्हणून शिल्लक राहते.