औषधी द्रावणांची निर्मितीतत्त्वे : ‘निष्क्रिय’ द्रावकाच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

दवाखान्यातील कंपाऊंडर मिक्श्चरच्या बाटलीवर मात्रांच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देत असे, तो काळ आता मागे पडला आहे. द्रवरूप औषधांची निर्मिती मुख्यत्वे कारखान्यांकडे गेली आहे. तथापि औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापनात औषधसंयोजनाची जुनी तत्त्वेच पायाभूत मानली जातात. या तत्त्वांत द्रावकाला कोणते स्थान दिले जाते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रचलित तत्त्वे व त्यांची मर्यादा

द्रावण तयार करताना घनपदार्थ प्रथम सुमारे तीन-चतुर्थांश द्रावकात विरघळवावा, आवश्यकतेनुसार गाळून घ्यावा, बाष्पशील घटक शेवटी मिसळावेत आणि त्यानंतर उरलेले द्रावक घालून ठरलेले आकारमान पूर्ण करावे, हा क्रम विद्यार्थी प्रात्यक्षिकात शिकतो. भारतीय औषधकोशातील साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर का असते, पाण्यात न विरघळणाऱ्या द्रव्यासाठी अल्कोहोल, ग्लिसरीन अथवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे सहद्रावक का योजावे लागते, हेही त्याला समजते. या तत्त्वांची शास्त्रीयता वादातीत आहे.

मात्र त्यांच्या मुळाशी तीनच प्रश्न दिसतात : औषध विरघळते काय, ते टिकते काय आणि रुग्णाला ते घेववते काय? औषधद्रव्य तेवढे ‘क्रियाशील’ आणि द्रावक केवळ ‘वाहक’, अशी विभागणी येथे गृहीत धरलेली असते. ओझ्याची तपासणी होते; ओझे वाहणाऱ्याची ओळख मात्र कोणी विचारत नाही.

एलिक्झिर सल्फानिलामाइडचा धडा

या गृहीतकाचे परिणाम १९३७ मध्ये अमेरिकेत दिसून आले. सल्फानिलामाइड पाण्यात वा अल्कोहोलमध्ये पुरेसे विरघळत नव्हते. मॅसेनगिल कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळल्याचे आढळले. रंग, वास आणि चव यांची परीक्षा झाली; विषारीपणाची झाली नाही. परिणामी शंभराहून अधिक रुग्ण दगावले. वरील तिन्ही निकषांवर हे द्रावण उत्तीर्ण झाले होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. शरीरात डायएथिलीन ग्लायकॉलपासून तयार होणारी आम्ले मूत्रपिंडे निकामी करतात, हे त्या निकषांच्या कक्षेतच येत नव्हते. कायद्याच्या दृष्टीनेही औषध जप्त करण्यास आधार मिळाला तो केवळ नावाचा : अल्कोहोल नसलेल्या द्रावणाला ‘एलिक्झिर’ म्हटले होते. १९३८ च्या कायद्याने विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा बंधनकारक केला.

भारतीय संदर्भ

१९३७ ची चूक निवडीची होती. पुढे भारतात घडलेल्या दुर्घटना ओळखीच्या आहेत. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. म्हणजेच लहान मुलांच्या हाती दिलेल्या बाटलीतील जवळजवळ अर्धा भाग विषाचा होता.

ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोडसर आणि पाण्यात सहज मिसळणारे आहेत. शुद्ध स्वरूपात त्यांच्या घनता अनुक्रमे सुमारे १.२६ आणि १.१२ असल्याने त्यांतील भेद कळतो; अल्प भेसळीत मात्र हा निकष अपुरा पडतो. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी चाचणीच आवश्यक ठरते.

आक्षेपाचा विचार

भेसळ हा कायदा व नियंत्रण यांचा विषय असून संयोजनाच्या तत्त्वांना त्यासाठी दोष देणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्यांश आहे. अध्यापन हे कायद्याच्या अंमलबजावणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० पासून अस्तित्वात असूनही या घटना घडल्या, हे विसरता येत नाही. द्रावकाची ओळख पटवणे ही विश्लेषणाच्या स्वतंत्र विषयातील बाब आणि द्रावण करणे ही संयोजनातील बाब, असे कप्पे पडले की पिंपावरील चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याची सवय प्रयोगशाळेतच लागते.

निष्कर्ष

द्रावणात सर्वाधिक प्रमाण बहुधा द्रावकाचेच असते. रुग्ण औषधापेक्षा द्रावकच अधिक पितो. त्यामुळे ‘निष्क्रिय’ ही द्रावकाची उपजत अवस्था न मानता ती दर वेळी सिद्ध करण्याची गोष्ट मानली पाहिजे. ‘विरघळते काय?’ या प्रश्नाआधी ‘कशात विरघळते आणि ते तेच आहे कशावरून?’ हा प्रश्न संयोजनाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात यावा. प्रचलित तत्त्वे त्यामुळे रद्द होत नाहीत. त्यांना आजवर नसलेले पहिले तत्त्व मिळते.