मंजूर अभिन्यासात नेमकं काय मंजूर होतं?

आज आम्ही समीक्षेला घेतलेला ग्रंथ तुमच्यापैकी फार थोड्यांनी उघडला असेल, पण त्याच्या हिशोबानं राहतो मात्र आपण सगळेच. नाव जरा लांबलचक आहे: एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. कचेरीत आणि बिल्डरच्या ऑफिसात तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी आणि आणखी काही मोजकी क्षेत्रं सोडून सगळ्या महाराष्ट्राला ती लागू आहे. त्यातला नव्या वस्त्यांचा, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून अभिन्यास मंजूर करण्याचा भाग आम्ही पालघर आणि बोईसर-तारापूर डोळ्यांसमोर ठेवून वाचला.

आधी चांगलं बोलू. पूर्वी प्रत्येक शहराची वेगळी नियमावली, वेगळी पळवाट. आता पुस्तक एकच आहे. आणि अभिन्यासाच्या प्रकरणामागचा विचार खरोखर शहाणपणाचा आहे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडायची. आतला रस्ता साधारणपणे १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद, त्यापुढे १२ आणि ३०० मीटरच्या पुढे १५. आधी तात्पुरती मंजुरी, मग जागेवर मोजणी आणि खुणा, मग अंतिम. कागदावरची रेघ जमिनीवर उतरल्याशिवाय प्लॉट विकू नये, हा त्यातला अर्थ. मुलांना खेळायला जागा आणि आगीच्या बंबाला वाट, एवढं तरी मिळावं, असं कुणीतरी नीट बसून लिहिलेलं दिसतं.

आता हिशोब मांडू या, कारण आमची तक्रार हिशोबातूनच सुरू होते. एक एकर जमीन घ्या, चाळीस गुंठे. चौकोनी धरली तर प्रत्येक बाजू साधारण ६३ मीटर. मधून एकच ९ मीटरचा रस्ता काढला तर साडेपाच गुंठ्यांच्या वर जमीन गेली. १० टक्के मोकळी जागा, चार गुंठे गेले. विकायला उरले जेमतेम तीस गुंठे. शिवाय बिनशेतीचा आकार, मोजणी फी, विकास शुल्क, रस्त्याची खडी, गटार हे वेगळंच. आता परवानगी न घेणारा काय करतो? बारा फुटांची बोळ सोडतो, तिला लागतात सव्वादोन-अडीच गुंठे, आणि साडेसदतीस गुंठे विकून मोकळा होतो. एकरामागे सात गुंठ्यांचा फरक. बेकायदा प्लॉटिंगचं सगळं अर्थशास्त्र या सात गुंठ्यांत आहे. त्यासाठी माणूस मुळात लबाड असावाच लागतो असं नाही; आणि हे सात गुंठे राखण्यासाठी जागेवर कुणी येत नाही, हेही त्याला ठाऊक असतं.

घेणारा कोण, तेही पाहा. तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा कामगार, लोकलनं विरारकडे जाणारा कारकून, मोखाडा-जव्हारहून कामासाठी खाली आलेलं कुटुंब. रस्त्याकडेच्या बोर्डावर ‘एनए बंगलो प्लॉट, स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं लिहिलेलं असतं (किती वाजता आणि कुठल्या वाहनानं दहा मिनिटं, ते मात्र लिहिलेलं नसतं). खिशाला परवडतो तो बोर्ड नसलेला प्लॉट. नोटरीचा कागद, सामायिक सातबाऱ्यावर चढलेलं नाव, आणि पुढे ग्रामपंचायतीची घरपट्टी. घरपट्टीची पावती मिळाली की घर कायदेशीर झालं, असा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो मोडताना आम्हालाच अपराधी वाटतं. पावती म्हणजे परवानगी नव्हे, एवढंच सांगतो.

आता या ग्रंथातलं सर्वांत मोठं न्यून. त्यानं एक पात्र गृहीत धरलंय: रस्ता, गटार, पाणी, कचरा ताब्यात घेऊन सांभाळणारी सक्षम संस्था. बोईसरला ते पात्र कुठाय? कारखान्यांच्या हद्दीत नियोजन एमआयडीसीचं, तिथे ही नियमावलीच लागू नाही. हद्दीची रेघ ओलांडली की मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, छाननी नगररचना खात्याची. आणि मंजुरीनंतर आयुष्यभर निस्तरायचं ग्रामपंचायतीनं. एकानं नकाशा पाहायचा, दुसऱ्यानं सही करायची, तिसऱ्यानं तुंबलेलं गटार काढायचं. अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून शेजारी, मोठी औद्योगिक वसाहत अंगणात, आणि एवढ्या वस्तीचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या खजिन्यावर.

पालघरची गोष्ट थोडी निराळी. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला. सुमारे ४४० हेक्टर सरकारी जमीन सिडकोकडे गेली आणि त्या बदल्यात सिडकोनं जिल्हा मुख्यालय उभारलं. तिथले रस्ते रुंद आहेत, इमारती देखण्या आहेत. पण जिल्ह्याला कचेरी मिळण्यासाठी जमीन विकावी लागते तेव्हा त्या नवनगरातला प्लॉट कुणाच्या आवाक्यात राहणार, हा प्रश्न नियमावली विचारत नाही. ते तिचं काम नव्हे, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग ते कुणाचं काम?

पाण्याचंही तसंच. सूर्या प्रकल्प याच जिल्ह्यात. त्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली. नकाशावर पाण्याच्या टाकीचा चौकोन दाखवता येतो. त्यात पाणी कुठून पडणार, ते दाखवावं लागतंच असं नाही.

आणि जमीन मुळात कुणाची? महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही. तालुक्याच्या काही भागाला पेसा लागू आहे. तरी स्टॅम्पपेपरवर व्यवहार होतात. तिथे दोन माणसं एकदम बुडतात: कवडीमोलानं जमीन सोडणारा, आणि आयुष्याची पुंजी ओतूनही जिच्यावर कधी मालकी लागणार नाही अशा जमिनीत घर बांधणारा. मधला तेवढा तरतो.

सरकारचं उत्तर काय? गुंठेवारी नियमित करणं. २००१ च्या कायद्यात मुदत होती १ जानेवारी २००१. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती ३१ डिसेंबर २०२० वर आणली. म्हणजे ज्या महिन्यात राज्यानं ‘असे प्लॉट पाडा’ हे पुस्तक लागू केलं, त्याच महिनाअखेरपर्यंत तसे न पाडलेले प्लॉटही पैसे भरून चालतील, असं पुढच्याच वर्षी ठरलं. राहत्या माणसाला संरक्षण हवंच, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण प्लॉट पाडून निघून गेलेल्याकडून ते सात गुंठे कुणी वसूल केले? दंड भरतो तो राहणारा.

कधी दंडावरही भागत नाही. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्या पाडायचं काम २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झालं. आरक्षण नकाशावर होतं, खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसं गेली. बोईसर त्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथे बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय, जवळ वाढवण बंदर येतंय, आणि गुंठ्याचा भाव त्या बातम्यांच्या आधी धावतोय.

दुसरी रीत आपल्याच राज्यात होऊन गेलीय. १९८५ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबईत चारकोप, गोराईला आधी रस्ते, नळ, गटारं टाकली आणि गरिबांना २५ ते ४० चौरस मीटरचे छोटे प्लॉट दिले. घर ज्याचं त्यानं, जमेल तसं बांधलं. पुढे तिथेही भाव चढले, मूळचे कित्येक विकून गेले, ते आम्ही लपवत नाही. पण रस्ता, नळ आणि गटार जागेवर राहिलं. बोईसरच्या कामगाराला आज हवंय ते एवढंच: छोटा, कायदेशीर, गटार असलेला प्लॉट.

तोवर आमची मागणी लहान आहे. मंजूर झालेला प्रत्येक अभिन्यास, त्याच्या क्रमांकासह आणि मोकळ्या जागेवर रंग भरून, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावा. शेजारी आरक्षणांचा नकाशा. पैसे मोजण्याआधी माणसाला दहा पावलं चालून जाऊन तो बघता आला पाहिजे.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता.