‘स्प्रिंट २’मधला २ कोणाचा?

राजेहो, सुरुवात नावापासूनच करू. ‘स्प्रिंट २’ हा १९७६चा आर्केड गेम. वरून दिसणारा ट्रॅक, त्यावर धावणाऱ्या इवल्याशा गाड्या. नाव वाचलं की कोणालाही वाटतं, हा दुसरा भाग असणार, आधी पहिला शोधू. शोधायला गेलं की ‘स्प्रिंट १’ सापडतो १९७८चा! मधे १९७७मध्ये ‘स्प्रिंट ८’ आणि ‘स्प्रिंट ४’ येऊन गेलेले. म्हणजे हा आकडा भागाचा नाहीच. एका वेळी किती माणसं खेळणार, त्याचा तो आकडा आहे.

आता कोणी वर्षं न पाहता नुसत्या आकड्यांचा क्रम लावला, तर ‘एकट्याच्या खेळापासून आठ जणांच्या खेळाकडे प्रवास’ असं झकास प्रकरण लिहून होईल. आणि ते साफ उलटं असेल. कारण आठ जणांचा ‘इंडी ८००’ १९७५मध्येच आला होता, आणि या चार आकडेवाल्या गेममध्ये एकट्याचा गेम सगळ्यात शेवटी आला.

पेट झालेल्या आणि सिनॉप्सिसशी झटापट करणाऱ्या मित्रांसाठी आज हाच गेम घेतोय. जुनी गोष्ट ‘आज पुन्हा तपासणे’ असा विषय बरेच जण घेतात. पण तपासायचं नेमकं काय, हे ठरलेलं नसतं.

आधी गेमची ओळख. अटारीने १९७३मध्ये ‘की गेम्स’ नावाची कंपनी काढली. बाहेरून प्रतिस्पर्धी, आतून घरचीच. ‘स्प्रिंट २’ तिच्या नावावर आला. त्याआधीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’मध्ये (१९७४) मायक्रोप्रोसेसर नव्हता, सगळा खेळ सर्किटमध्येच बांधलेला. ‘स्प्रिंट २’मध्ये ६५०२ हा प्रोसेसर आला, ट्रॅक बारा झाले आणि यंत्र स्वतःच्या गाड्या चालवू लागलं. पडदा काळा-पांढरा. गाड्या चार: एक पांढरी, एक काळी आणि यंत्राच्या दोन राखाडी. प्रत्येक खेळाडूला एक स्टिअरिंग, चार गिअर आणि एक ॲक्सिलरेटर. ब्रेक नाही. ट्रॅकवर तेलाचे डाग. ठरलेल्या वेळात जितका रस्ता कापाल तितके गुण, आणि दोघांचे गुण वेगवेगळे.

हा गेम आज एकट्याने खेळला तर दहा मिनिटांत जीव विटतो. राखाडी गाड्या आपल्या वाटेनं जात राहतात. तुम्ही आडवे आलात म्हणून त्या चिडत नाहीत, की मागच्या वळणाचा वचपा काढत नाहीत. एकटं खेळून ‘जुना गेम, आज कालबाह्य’ असं लिहिणं सोपं आहे, आणि तेवढ्या अनुभवापुरतं ते खरंही आहे. पण नावातच २ आहे. शेजारी दुसरा माणूस बसवला की तोच ट्रॅक अरुंद वाटायला लागतो. नियमाप्रमाणे एकमेकांना अडवायची काहीच गरज नसते, कारण गुण ज्याचे त्याला मिळतात. तरी आतली बाजू दोघांनाही पाहिजे असते. धडक होते, वेग जातो, आणि “काहून घुसला बे मधे?” सुरू होतं. हे भांडण प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेलं नाही. प्रोग्रामने फक्त जागा कमी ठेवली आहे.

याची आपल्याकडे ओळखीची जोड म्हणजे ‘रोड फायटर’. कोनामीचा हा १९८४चा गेम. अकोला-अमरावतीत अनेकांना तो टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमुळे माहीत आहे. तोही वरूनच दिसतो, पण रस्ता तुकड्यातुकड्याने वरून खाली येतो आणि खेळणारा एकच. कॅटलॉगमध्ये त्याच्यापुढे ‘एक खेळाडू’ असंच लिहिलेलं असणार. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर तो एकट्याने कोण खेळत होतं? इंधन संपलं की रिमोट दुसऱ्याच्या हातात. एक चान्स तुझा, एक माझा. बाकीचे ‘डावीकडून घे, ट्रक आला’ म्हणून ओरडायला हजर. यंत्राच्या हिशेबात एक खेळाडू, खोलीच्या हिशेबात चार.

म्हणून ‘मल्टिप्लेअर’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये टाकण्याआधी थांबा. तो किमान तीन जागी राहू शकतो: प्रोग्राममध्ये, यंत्राच्या बांधणीत आणि खेळणाऱ्यांच्या रिवाजात. ‘स्प्रिंट २’मध्ये तो तिन्हीकडे आहे. ‘रोड फायटर’मध्ये फक्त तिसरीकडे. दोघांची तुलना करायची तर कोणत्या जागेवरून करताय, ते आधी सांगावं लागेल. आरआरसीमध्ये ‘तुलनेचा आधार काय?’ असं विचारतात, ते हेच.

दुसरा मुद्दा नजरेचा. ‘स्प्रिंट २’मध्ये पूर्ण ट्रॅक एका पडद्यावर मावतो. दोन्ही खेळाडू आणि मागे उभे असलेले बघे, सगळ्यांना सारखंच दिसतं. आपल्या जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट आठवा. तिथे काठावरच्या माणसाला दोन्ही जोड्या दिसतात. गाडी हाकणाऱ्याचं लक्ष मात्र आपल्या बैलांवर. बघ्याला जास्त दिसतं, हाकणाऱ्याला कमी. नंतरच्या, गाडीच्या मागून दिसणाऱ्या गेममध्ये पडद्याचे तुकडे झाले आणि ज्याला त्याला आपापलाच रस्ता उरला. ‘स्प्रिंट २’ने हाकणारा आणि बघ्या एकाच उंचीवर आणून बसवले. हरणाऱ्याला ‘मला दिसलंच नाही’ म्हणायची सोय नाही. मला तरी या गेमची आजही टिकलेली ताकद हीच वाटते. काळा-पांढरा पडदा, ठोकळ्यासारख्या गाड्या यांची दोन माणसांना पाच मिनिटांत सवय होते.

आता साधनाचा प्रश्न. मूळ यंत्र आपल्या हाती लागणं कठीण, त्यामुळे बहुतेक जण एम्युलेटर वापरतात. १९९७पासून सुरू असलेला ‘मेम’ हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. प्रोग्राम तो बराच इमानदारीने चालवतो. पण मूळ स्टिअरिंग अडथळ्याशिवाय गोल फिरतं, जितकं फिरवाल तितकी गाडी वळते. कीबोर्डवर कळ दाबली की गाडी ठरलेल्या गतीनेच वळते. मनगटाचा अंदाज हा प्रकारच उरत नाही. त्यात एका कीबोर्डवर दोघे बसले की आणखी गंमत. साध्या कीबोर्डला एकदम बऱ्याच कळा दाबलेल्या कळत नाहीत. एकाने गिअर आणि ॲक्सिलरेटर धरून ठेवला, तर दुसऱ्याचं वळणच नोंदवलं जात नाही. निरीक्षकाच्या वहीत मात्र येतं: ‘दुसरा खेळाडू वळणावर कच्चा’. अशा नोंदीला पुढे कितीही सिद्धांत लावला तरी ती कीबोर्डबद्दलची नोंद आहे, माणसाबद्दलची नाही. दोन वेगळे कंट्रोलर लावले की हा घोळ मिटतो. स्टिअरिंगचा मिटत नाही. तो मर्यादा म्हणून लिहावा लागतो.

मग एम्युलेटरवर अभ्यास करूच नये का? करावा. पण प्रश्न साधनाला पेलेल असा निवडावा. ‘१९७६च्या खेळाडूला हा गेम कसा वाटला’ हे एम्युलेटर सांगू शकत नाही. ‘आज हा गेम कसा वाटतो’ हा प्रश्न इतका मोकळा आहे की त्याचं कोणतंही उत्तर चालतं. ‘पूर्ण ट्रॅक दोघांना सारखाच दिसत असेल तर खेळताना दोघं एकमेकांशी काय बोलतात’ हा मात्र पेलणारा प्रश्न आहे. त्याला मूळ यंत्र लागत नाही. दोन माणसं आणि एक पडदा लागतो.

करून बघायचं असेल तर सोपं आहे. एकच जोडी घ्या. वीस मिनिटं ‘स्प्रिंट २’ आणि वीस मिनिटं दुभागलेल्या पडद्याचा कोणताही रेसिंग गेम द्या. दुसऱ्या जोडीला क्रम उलटा ठेवा, नाहीतर थकव्याचा परिणाम गेमच्या माथी मारला जाईल. संमती घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. मग प्रत्येक वाक्यापुढे एवढंच लिहा: हे स्वतःच्या गाडीबद्दल आहे, समोरच्याच्या गाडीबद्दल आहे, की समोरच्या माणसाबद्दल? ही खूण दोन जणांनी वेगवेगळं बसून करावी आणि नंतर ताडून बघावी. कुठे जमलं नाही ती वाक्यं पुसू नका. ती वेगळ्या पानावर काढा आणि गाईडकडे जाताना तेच पान आधी दाखवा.